मारोतरावांचा बाहेरचा फ्लॅश

मारोतराव फोटोवाले जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध सांगतात. "सेल काढा, पुसा, परत घाला." माझी शिलाई मशीन अडली, सेल पुसा. समोरच्याची सून रुसून गेली, सेल पुसा. एकदा माझी आई गुडघे धरून बसली होती, तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं. त्या दिवशी आईने त्यांना चहा दिला नाही.

कळमनुरीत त्यांचा स्टुडिओ आणि माझं टेलरिंगचं दुकान एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. डिजिटल कॅमेरे नवीन होते तेव्हाची ही गोष्ट. मारोतरावांचा भाचा गोव्याला पर्यटकांना समुद्रात बुडवून वर काढायची नोकरी करायचा. त्याने आपला पाण्याखालचा जुना कॅमेरा मामाला देऊन टाकला. प्लॅस्टिकच्या पेटीत बंद कॅमेरा, आणि दांडीवर टॉर्चएवढा जाड बाहेरचा फ्लॅश. कॅमेऱ्याचा छोटा फ्लॅश चमकला की त्याचा उजेड बघून हा मोठा उडायचा. कळमनुरीत समुद्र नाही, ही किरकोळ अडचण मामा-भाच्यांपैकी कुणीच मनावर घेतली नाही.

मारोतरावांनी घरातला पिण्याच्या पाण्याचा ड्रम धरला. ड्रमात त्यांनी स्टीलचा तांब्या बुडवला आणि त्याचे फोटो काढले. सगळे काळे.

"सेल पुसले?" मी भिंतीवरून विचारलं.

"तीनदा! उडून तर बराबर राहिला, डोळे दिपतेत माझे. मंग फोटो काळा काहून?"

मारोतरावांच्या बायको, कौसाबाई वहिनी, मात्र त्या कॅमेऱ्याकडे बघतही नव्हत्या, आणि त्याचं कारण सगळ्या आळीला माहीत होतं. वहिनींचं माहेर शिरड शहापूरच्या बाजूला. तिथल्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, पाण्याखाली दगडात कोरलेला हत्ती आहे, लहानपणी पाणी आटलं होतं तेव्हा आपण त्याला हात लावलाय, असं त्या सांगायच्या. माहेरी भावाच्या मुलाच्या लग्नात त्या हे सांगू लागल्या आणि मारोतराव भर पंगतीत म्हणाले, "हत्ती न्हाई, म्हैस बसली आसंल!" पंगत हसली. वहिनींनी ताट सरकवलं, आणि त्यानंतर बारा वर्षं त्या माहेरी गेल्या नाहीत. आता त्याच भावाच्या धाकट्या मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. भाऊ दोनदा बोलवायला येऊन गेला. वहिनी हलल्या नाहीत.

"मला खोटं पाडायला ह्यो कॅमेरा घेऊन बसलेत, भाऊजी," त्या मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं, आणि मारोतरावांचा रागच आला.

तरी एका रविवारी मी त्यांच्याबरोबर बारवेवर गेलो. म्हातारा माणूस पट्ट्यापट्ट्यांची चड्डी घालून पाण्यात उतरणार, दोरी धरायला कुणीतरी हवं. त्यांनी पाच बुड्या मारल्या, पाच काळे फोटो घेऊन वर आले. सहाव्यात कहर म्हणजे नुसते पांढरे ठिपके, पीठ उधळल्यासारखे. गाळाचे कण उजळले होते, हत्ती नाही. मग घरी येऊन त्यांनी फ्लॅशची दांडी मोडक्या छत्रीच्या काडीने लांब केली, म्हणजे उजेड बाजूने पडेल. ठिपके गेले. काळं राहिलं.

शेवटी एका दुपारी त्यांनी मला डार्करूममध्ये ओढलं, दार लावलं. "बटण दाब."

मी दाबलं. अंधारात ते एकदम ओरडले, "दोनदा! छोटा दोनदा चमकून राहिला! पहिला नुसता उजेडाच्या अंदाजाचा, दुसऱ्याला फोटो निघतो. आन् ह्यो मोठा गाढव पहिल्यालाच उडून मोकळा. खऱ्या टायमाला अंधार!"

मोठ्या फ्लॅशच्या पाठीमागे एक खटका होता. तो सरकवला की पहिली चमक सोडून दुसरीची वाट बघायची सोय होती. सहाव्या बुडीत गाळामुळे पहिली चमक त्याला दिसलीच नसावी, म्हणून तेवढे ठिपके उजळले. एवढ्यासाठी आम्ही ड्रमभर पाणी नासवलं होतं.

पुढच्या रविवारी दुसऱ्याच बुडीला मारोतराव वर आले आणि पायरीवर बसले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवाळलेला, एका कानाचा, सोंड वर केलेला हत्ती होता.

"हरलात की, मारोतराव," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. चेहरा पुसायला त्यांना बराच वेळ लागला, आणि ते सगळं बारवेचं पाणी नव्हतं. "हरायलाच उतरलो व्हतो. त्या फ्लॅशची आन् माझी तकलीफ एकच हाय रे. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आधीच उडालो मी."

मी त्यांच्यावर उगाच रागावलो होतो. तसं सांगायचं मात्र राहून गेलं.

मारोतरावांनी फोटो फ्रेम करून वहिनींच्या हातात दिला. त्यांनी पदराने काच पुसली आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

लग्नात मारोतराव ती फ्रेम घेऊन पंगतीत पानापानाशी फिरले. "बघा. आमची बाई खरी, मी खोटा." सासरवाडीचे लोक "दाजी, जेवा आता" म्हणून हात जोडू लागले. वहिनी लाजून लाल झाल्या होत्या. "बसा की गप," म्हणाल्या, पण थांबवलं नाही.

जेवणं झाल्यावर मारोतरावांनी लग्नाचा कॅमेरा माझ्या हातात दिला. आयुष्यभर लोकांच्या जोड्यांचे फोटो काढले, स्वतःचा जोडीने एकच, स्वतःच्या लग्नातला. दोघं मांडवात उभी राहिली, मध्ये हत्तीची फ्रेम. लहानपणी पाणी आटलं तेव्हा कोण कुठल्या पायरीवर उभं होतं, हत्तीचा कान तेव्हाही तुटलेलाच होता, हे वहिनी जमलेल्या पोरींना सांगत होत्या. मी बटणावर बोट ठेवलं.

"थांब," मारोतराव म्हणाले. "तिचं बोलणं पुरं होऊ दे. मंग दाब."

वहिनी खूप वेळ बोलल्या. मी बोट तसंच ठेवून थांबलो.