कातळावरचे शकीलभाई

आमचे शेजारी शकीलभाई नटांशी बोलतात. नट म्हणजे चढणारा घसरला तर खाली पडू नये म्हणून खडकाच्या फटीत अडकवून त्यात दोर ओवायचा धातूचा तुकडा. मागून येणाऱ्यानं तो काढून घ्यायचा. शकीलभाई एकेक नट फटीत बसवतात, खसकन ओढतात आणि विचारतात, "दगा देनार का रं?" समाधान झालं नाही की दुसरा.

कन्नडच्या घाटाजवळचा आमचा कलता कातळ इतका सोपा, की गुराखी त्यावर चपला घालून चढतात. तिथंही शकीलभाईंच्या कमरेला नटांचा हा घोस! "सोपं हाय म्हनूनच डर," ते म्हणतात. "अवघड जागी मानूस सावध ऱ्हातो."

दूधवाला, रिक्षाचं मीटर, मी, सगळे त्यांच्या लेखी संशयित. रविवारी चढताना खालून त्यांचा दोर धरायची ती फक्त त्यांची मुलगी शबाना. मी आपला डबे सांभाळायचो.

शबानाला बजाजनगरच्या इमरानचं स्थळ आलं. तिला तो मनापासून आवडला. शकीलभाई म्हणाले, "पोराला कातळावर बोलवा. मग बघू." चहा-बिस्किटांऐवजी नट! शबानाचा चेहराच उतरला.

इमराननं घोसातला सगळ्यात मोठा नट निवडला. तो फटीत अर्धाच गेला. शकीलभाईंनी दोन बोटांनी ओढला, तर हातात आला. "बघा!" ते मला म्हणाले. चोर पकडल्याचा आनंद झाला होता त्यांना.

इमरान घामाघूम झाला, पण चिडला नाही. "चाचा, मला यातलं कायबी कळत नाय. शबाना, तूच सांग, कुठला घेऊ?"

तिनं लहान नट दिला, फट खाली निमुळती होते ती जागा दाखवली. त्यानं बसवला. शकीलभाई त्या नटाला चक्क लोंबकळले. नट हलला नाही.

तरी शकीलभाई पुन्हा फटीत डोकावायला लागले.

"आता काय खोट काढताय?" मी विचारलं. "पोरगा चांगला आहे."

"लई चांगला हाय," ते हळूच म्हणाले. "कायतरी निघंल म्हनून बघत होतो. ही गेल्यावर खाली कोन उभं ऱ्हानार, पाटील?"

मी दोर उचलला, शबानाचा पट्टा कमरेला बांधून त्याच्या कडीत ओवला आणि पाय रोवून उभा राहिलो. त्यांनी बराच वेळ मला न्याहाळलं.

"जेवल्यावर तुमाला झोप येते."

"अजून जेवलो नाही."

मग ते चढायला लागले. अर्ध्यावर थांबून त्यांनी खाली वाकून बघितलंच.