मासा तव्यावर, माणसं खाली

"हात लावू नका, एवढंच सांगते," बायको चपला घालता घालता म्हणाली. "तवा चांगला तापला की मासा टाकायचा, भोवती भाजी टाकायची आणि गप्प उभं राहायचं. सात वाजता ड्युटीवरून येते. खाण्याजोगं झालं असेल तर मी जाते. नाही तर तिसऱ्यांदा नकार कळवते."

बायको परिचारिका. नव्या मुलींना शिकवायला दूरच्या एका इस्पितळाने तिला तीन महिन्यांसाठी दोनदा बोलावलं होतं. दोन्ही वेळा ती गेली नाही, कारण घरात एक निवृत्त अग्निशमन अधिकारी होता आणि तो उपाशी राहील याची तिला खात्री होती. आता तिसरं बोलावणं आलं होतं. साहेबांना ही गोष्ट फार लागली होती. आपल्यामुळे बायको अडकून पडते याची त्यांना मनापासून लाज वाटत असे.

म्हणून आज साहेब कंबर कसून उभे राहिले. फरसबी एकसारखी कापली, गाजराच्या चकत्या केल्या, माशाचे दोन तुकडे कोरडे पुसले. बिडाचा तवा तापला. मासा चर्र करून तव्यावर पडला, भोवती भाजी पडली आणि साहेबांना असा काही जोर चढला की विचारू नका!

पण जन्मभर धावत गेलेल्या माणसाने गप्प उभं कसं राहायचं? त्यांनी अर्ध्या मिनिटात उलथनं घातलं. मासा चिकटलेला. पुन्हा घातलं. हलेना. मग त्यांनी गॅस मोठा केला, धूर निघाला आणि त्यांनी स्वतःच बसवलेला अलार्म चारी मजल्यांवर कोकलू लागला.

धूर नुसता तेलाचा आहे हे साहेबांना दिसत होतं. पण नियमही त्यांचाच होता: अलार्म वाजला की चर्चा नाही, सगळ्यांनी खाली. त्यांनी गॅस बंद केला, सवयीने तव्यावर झाकण दाबलं आणि जिन्यावरून ओरडत सुटले, "चला, चला! लिफ्ट नको!"

दर महिन्याच्या सरावाला जिथलं कुत्रंही फिरकत नसे, ती इमारत आज धडाधड खाली उतरली. साहेबांनी मजल्याप्रमाणे रांगा लावल्या. तिसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका मात्र गायब.

"काका, खाली या!"

"बाहीची एवढी शिवण मारतो आणि आलो!" वरून आवाज आला.

"शिवण राहू द्या! सगळे आल्याशिवाय कुणालाही वर जाता येणार नाही!"

हे बोलल्यावर साहेबांच्या लक्षात आलं की त्या 'कुणालाही'मध्ये आपणही आहोत. पावणेसात झाले होते. शिंपीकाका गळ्यात टेप लटकवून दहा मिनिटांनी उतरले आणि त्यांच्या पाठोपाठ फाटकातून बायको आली. तिने रांगा पाहिल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"मासा?"

"तव्यावर."

"आणि तुम्ही?"

"नियम आहे गं," साहेब कसंबसं म्हणाले.

दोघं वर गेली. साहेबांनी जीव मुठीत धरून झाकण उचललं. बायकोने उलथनं लावलं आणि मासा अलगद सुटून आला. खालून खरपूस, आतून मऊ. फरसबी वाफेवर नेमकी शिजलेली. तिने उभ्याउभ्याच एक घास खाल्ला, मग दुसरा.

"अहो, सुरेख झालाय! काय केलंत?"

खोटं बोलणं साहेबांना जमत नसे. "मी नव्हतोच इथे," ते म्हणाले.

बायको पोट धरून हसली आणि हसतहसतच तिने इस्पितळाला फोन लावला. "हो, सोमवारी हजर होते," हे शब्द ऐकून साहेबांना रडू की हसू असं झालं.

तेवढ्यात शिंपीकाकांनी दारातून डोकावून ओशाळत विचारलं, "साहेब, आज उशीर झाला माझ्यामुळे. पुढचा सराव कधी?"

साहेब तोंड उघडणार, तोच बायको म्हणाली, "रोज. साडेसहाला. आणि काका, तुम्ही आजच्याइतकाच उशीर करायचा."