साहेबांचं काळीज

"कुकर बंद कर गं सुमन, साहेब झोपल्यात!"

कुंपणावरून मला असं ओरडणारे आमचे शेजारी माणिकअण्णा. जन्मभर सरकारी बस चालवताना कर्कश हॉर्न वाजवलेला हा माणूस. साहेब म्हणजे त्यांचा डॉबरमन कुत्रा.

साहेब एकदा अंगणात चालता चालता कोसळला. अण्णांनी त्याला आमच्या जनवाडा गावातून रिक्षात घालून बीदरला नेलं. डॉक्टरांनी मशीनच्या पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. म्हणाले, स्नायू पातळ होऊन सैल पडलाय, बरा होणार नाही, पण गोळ्यांनी दिवस चांगले जातील. दमवू नका, मीठ देऊ नका.

झालं! तेव्हापासून गल्लीला शिक्षा. "हळू! काळीज सैल हाय!" एका वरातीचा बँडसुद्धा त्यांनी थांबवला. नवरदेव आमच्या दारावरून मयतीला निघाल्यासारखा मुकाट गेला.

अंगातलं पाणी उतरवायच्या गोळीनं साहेब सारखा माझ्या स्कूटीच्या चाकाशी पाय वर करायचा. मी भडकले की अण्णा खूश, "औषध लागू पडायलंय की!"

मीठ त्यांनीही सोडलं. "त्येच्यासमोर खारट कसं खाऊ?" वर आळणी पिठलं मलाही चाखायला आणायचे. साहेब झोपला की त्याचे श्वास मोजत बसायचे. मी हाक मारली की, "गप! मोजणं चुकलं!" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू.

एकदा स्कूटीचं चाक पुन्हा ओलं दिसलं, तशी मी भांडायलाच गेले. उत्तर द्यायला अण्णा उठले आणि भिंत धरून उभे राहिले. कपाळ घामानं भिजलेलं.

"अण्णा, काय होतंय?"

"काय न्हाई. माझ्याबी काळजाच्या नळ्या तुंबल्यात. कलबुर्गीचा डॉक्टर आप्रेशन कर म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

"उन्हाळ्यात."

बाहेर थंडी पडायला लागली होती.

"मग गेला कामून न्हाई?"

त्यांनी साहेबाकडं पाहिलं. "सकाळ-संध्याकाळ ह्येला गोळी कोण देणार? घरात दुसरं कोण हाय? तू तर चिडतीस."

मी त्यांना धरून खाली बसवलं. म्हटलं, "गोळी कशात घालून देता, ते दाखवा."

त्यांनी भाताचा मुटका करून दाखवला. दोनदा.

आमचे हे त्यांच्यासोबत कलबुर्गीला निघाले. घराची किल्ली माझ्या हातात देताना अण्णा म्हणाले, "मी आलो न्हाई, तर..." त्यांनी साहेबाचे कान कुरवाळले. "तर गोळी चुकवू नको."

अण्णा आले. रिक्षातून उतरताना छातीवरच्या टाक्यांवर हात धरला होता. साहेब शेपूट हलवत फाटकापर्यंत गेला आणि दमून खाली बसला. अण्णाही दमले होते. तेही त्याच्याशेजारी मातीतच टेकले.

बराच वेळ दोघांपैकी कुणीच उठलं नाही. मीही उठवलं नाही.