बनियन पुरणारे अप्पा

मन्मथअप्पा माझ्या दुकानातून जितके बनियन नेतात, तितके राणीसावरगावात दुसरं कुणी नेत नाही, आणि त्यातला एकही ते अंगात घालत नाहीत. ते पुरतात. नवाकोरा बनियन वीतभर खड्ड्यात आडवा निजवायचा, वरून माती लोटायची, खुणेला काटकी रोवून तिला लाल चिंधी बांधायची आणि काही महिन्यांनी उकरून बघायचा. स्वतः मात्र सदऱ्याच्या आत बाराही महिने उघडे. "मला काय करायचाय बनियन? मातीला जास्त गरज हाय," असं वर आपल्यालाच ऐकवतात.

माझं बाजारात कापडाचं लहानसं दुकान आहे. अप्पा आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधासारखी होते, हा प्रयोग त्यांनी मला सगळ्या वर्गासमोर करायला लावला होता. मी असं काही फुंकलं की निम्मी निवळी त्यांच्या सदऱ्यावर. "दत्ता, तुझ्या पोटात लय कार्बन हाय," एवढंच ते म्हणाले, आणि दहावी होईपर्यंत पोरं मला कार्बन म्हणत राहिली. त्यामुळे अप्पा दुकानात येऊन हवेतल्या कार्बनवर बोलायला लागले, की मला अजूनही ते माझ्याचविषयी बोलतायत असं वाटतं.

त्यांची खरेदी म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. मी पहिल्यांदा विचारलं, "साईज कोणती देऊ?"

"मातीला साईज नसती. सुती हाय का ते सांग. बिल्कुल सुती."

मी सुती म्हणून दिलं तरी त्यांचा विश्वास नाही. खिशातून काडेपेटी काढून, बनियनचा एक धागा ओढून तो माझ्या कापडाच्या दुकानात, कापडाच्या ढिगासमोर पेटवून बघणार. कागदासारखा जळून राख झाला तर सुती. वितळून गाठ झाली तर माझी शाळा सुरू. "माती प्लास्टिक खाती का रे? तुला हेच शिकवलं का मी?" गिऱ्हाईक हसत उभं राहतं आणि मी पाण्याचा तांब्या हातात धरून.

बनियन का पुरायचा, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. झाडाचं जेवण म्हणजे हवेतला कार्बन. आपण धूर सोडून सोडून हवेत तो वाढवून ठेवला, म्हणजे झाडापुढे आयतं ताट आलं. झाड उंच होतं, पान रुंद होतं, आणि लोक वा म्हणतात. "पण त्या पानात नत्र कमी," अप्पा बोट नाचवत म्हणतात. "असलं पान खाली पडलं की मातीतल्या बारक्या जीवांनी काय खावं? नुसत्या भाकरी वाढल्या, कोरड्यास, कालवण काहीच न्हाई. मग ते रडतखडत खातेत, आन् जे थोडंफार नत्र हाती लागंल ते सोताच दाबून बसतेत. झाडाला उरत न्हाई. म्हून पुढल्या साली पान आणखी बेचव. बाहेरून हिरवंगार, आतून उपाशी."

कापूस म्हणजे तर निव्वळ कोरडी भाकरी. ती माती किती लवकर संपवते, यावरून मातीच्या पोटात जोर किती हे कळतं, असा त्यांचा हिशेब. "सगळीकडंच असं व्हायलंय असं न्हाई. कुठं व्हायलंय, कुठं न्हाई. म्हून तर उकरून बघायचं," हेही ते सांगतात. स्वतःच्या शेतात, गावामागच्या डोंगरावर सागाखाली, ओढ्याच्या काठी, सगळीकडे त्यांच्या लाल चिंध्या. रस्त्यात कुणी भेटलं तर "जेवला का" असं नाही, "माती जेवली का?" असं विचारतात. पाहुण्यांना वाटतं, हा काहीतरी शाप असावा.

या चिंध्यांनी एकदा माझं दुकान बंद व्हायची वेळ आणली होती. अप्पांच्या शेजारी केरबाचं शेत. केरबाच्या कुत्र्याने बांधावरचा एक बनियन उकरून काढला. अर्धा कुजलेला, भोकं पडलेला, वर लाल चिंधीची काटकी. त्याच आठवड्यात केरबाची म्हैस आटली होती. आमच्या भागात असा योग जुळून आला की भानामती म्हणायला फार वेळ लागत नाही. केरबा तो बनियन काठीच्या टोकावर धरून, मागे पंधरा-वीस माणसं घेऊन थेट माझ्या दुकानात.

"हा माल तुझ्याकडचाच हाय. कुणी नेला, नाव सांग."

नाव सांगावं तर अप्पांची शोभा, न सांगावं तर माझी. तेवढ्यात गर्दीतून अप्पाच पुढे आले, काठीवरचा बनियन ओढून घेतला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"केरबा, निम्मा खाल्लाय की. तुझ्या बांधाची माती फस्क्लास हाय."

"अप्पा, माझी म्हैस आटली त्याचं काय?"

"गाभण असंल. मग आटणारच."

केरबाने जरा विचार केला. गाभण होतीच. गर्दी पांगली, आणि दुसऱ्या दिवसापासून केरबा गावभर सांगत सुटला की मातीच्या परीक्षेत त्याच्या बांधाचा पहिला नंबर आलाय.

आता या गमतीतली एक गोष्ट गमतीची नव्हती. अप्पा लिंगायत. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत समाधी देतात. सुमनकाकू, अप्पांच्या पत्नी, गेल्या तेव्हा त्यांना शेताच्याच कोपऱ्यात समाधी दिली, वर ओटा बांधला आणि शेजारी बेल लावला. बेल म्हणजे सावकाश वाढणारं झाड. हा मात्र बघता बघता अप्पांच्या डोक्यावर गेला, पानं ही मोठी. लोक म्हणाले काकूंची पुण्याई. अप्पा म्हणाले, हवेतला कार्बन. बेलाच्या गळलेल्या पानांचा ढीग पलीकडे बांधाला तसाच वाळून पडलेला असायचा, कुजायचं नाव नाही. त्या ढिगाकडे बघत अप्पा बराच वेळ बसायचे आणि मग बेलाखालीही एक बनियन पुरला गेला.

त्याच सुमाराला अप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. त्यांची मुलगी शोभा लातूरला असते. तिने डॉक्टर ठरवले, खोली तयार केली, आणि अप्पांचं एकच, "बेलाखालचा रिपोर्ट येऊ दे." तिचा मला फोन यायचा. "दत्ताभाऊ, तुमी तरी सांगा. डॉक्टर म्हणायलेत, आणखी लांबवलं तर डोळा जायचा. मातीचं काय, माती कुठं पळून चाललीय?" मी सांगायचो आणि अप्पा ऐकायचे नाहीत. एकदा दुकानात शिरून त्यांनी दाराशी बनियन घालून उभ्या केलेल्या पुतळ्याला "माती जेवली का?" असं विचारलं, उत्तराची वाट पाहिली आणि "आजकाल लोक बोलत न्हाईत" म्हणत आत आले. गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही.

बेलाखालचा बनियन उकरायला मीच गेलो, कारण त्यांना दिसत नव्हतं. निघाला तो अख्खा. झटकून, धुऊन पुन्हा दुकानात ठेवला असता तर खपला असता. अप्पांनी तो हातात घेतला, गळ्यापासून घेरापर्यंत बोटांनी चाचपला आणि तो मांडीवर घेऊन तिथेच खाली बसले. मला भीती वाटली.

काहीतरी बोलायचं म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. समाधीभोवतीची जागा आमच्या आईच्या स्वयंपाकघरासारखी लख्ख. एक पान नाही, एक काडी नाही.

"अप्पा, इथं झाडतं कोण?"

"मीच. रोज. शोभाच्या आईला कचरा खपत नव्हता."

"मग माती खाणार काय?"

मी सहज म्हणालो. माझं विज्ञान निवळीच्या पुढे कधी गेलंच नाही. पण अप्पांनी माझ्याकडे मान वळवली. गावभर लोकांना पाला जाळू नका, झाडू नका, मातीवर राहू द्या म्हणून सांगत फिरणारा माणूस, आणि या एवढ्याशा जागेवर रोज खराटा.

"थोडं पाप हवेचं, थोडं माझ्या खराट्याचं," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "एक पावसाळा दे मला."

शोभा माझ्यावर इतकी चिडली की तिने आठवडाभर फोन उचलला नाही. शेवटी मीच शब्द दिला, दसरा झाला की काहीही निघो, मी स्वतः अप्पांना लातूरला आणून सोडतो.

अप्पांनी खराटा गोठ्यात टांगला. वाळलेल्या पानांचा ढीग समाधीभोवती पसरला, त्यावर बांधावरच्या गिरिपुष्पाचा ओला पाला टाकला, वर शेणकाला शिंपडला. हिरव्या पाल्यात नत्र भरपूर, म्हणजे भाकरीबरोबर कोरड्यास आलं. आणि त्याखाली नवा बनियन. पण झाडायचं नाही, हे काही त्यांना सोपं गेलं नाही. पावसाळ्यात एकदा मी रस्त्याने जाताना थांबलो, तर अप्पा ओट्यापाशी उभे. वाकले, चाचपून एक पान उचललं, हातात धरून राहिले, आणि पुन्हा होतं तिथं ठेवलं.

दसरा झाला. जाताना मी मनाशी ठरवलं होतं की बनियन अख्खा निघाला तरी संपलाय म्हणून ठोकून द्यायचं. त्यांचा डोळा महत्त्वाचा. मग आठवलं, ते बोटांनी बघतात. खोटं बोलायचीही सोय नव्हती.

आम्ही चपला काढून बेलाखाली बसलो. पाला बाजूला केला तर खालची माती काळी, भुसभुशीत, ओल्या वासाची. मी खुरप्याने उकरायला लागलो. वीतभर गेलो, काही नाही. जागा चुकली म्हणून बाजूला उकरलं, तिथेही काही नाही. आणि मग खुरप्याला दोरा लागला. सावकाश ओढत गेलो तसा गळ्याचा गोल आला, दोन्ही बाह्यांचे गोल आले, खाली घेराची शिलाई आली, आणि मानेशी चिकटलेलं लेबल. नायलॉनचा दोरा तेवढा शिल्लक. मध्ये कापड नव्हतंच.

मी तो दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला. "अप्पा, संपला."

त्यांनी बोटं फिरवली. कापड शोधलं. पुन्हा शोधलं. मग मातीत हात घातला, मूठभर उचलली, चेहऱ्याजवळ नेली. एक गांडूळ त्यांच्या मनगटावर आलं, ते त्यांनी हलकेच खाली सोडलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

"दत्ता, मला वाटलं होतं, हितल्या मातीनं तिला घेतलंच न्हाई," ते म्हणाले. "इतकी वर्षं तशीच पडून हाय हितं. एकटी. आन् मी रोज वरून झाडून जातोय."

मी खुरपं बाजूला ठेवलं. माझ्याही छातीवरचं काहीतरी उतरलं. ते काय होतं हे तोवर मला माहीतच नव्हतं.

"आता कुठं एकटी हाय," अप्पा म्हणाले. "बेलात गेली, गवतात गेली. साऱ्या रानात पसरली असंल." मग सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून, नेहमीच्या मास्तरी आवाजात, "शोभाला फोन लाव. म्हणावं, उद्याच येतो."

मी फोन लावून दिला. ते मुलीशी हसत बोलत होते, तोवर मी खड्डा बुजवला आणि पाला होता तसा पसरला. निघताना त्यांचा हात धरला आणि ओट्यापाशी काढलेल्या चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या. त्यांनी त्या घातल्या नाहीत. वाकून उचलल्या, काखेत धरल्या, आणि रस्ता येईपर्यंत सगळं रान अनवाणी चालत गेले. मीही माझ्या हातातच घेतल्या.