मेंढी, लांडगा आणि पाव्हणी

बद्रीनाथनं छाती ठोकून सांगितलं होतं, "माझ्या पोरींसमोर दुसऱ्या बेसवर कुणी पाय ठेवून दाखवा! ठेवला तर मिशी उतरवीन!"

मिशी अजून नीट फुटलेलीच नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाय.

गडी वाळूजच्या कारखान्यात शिफ्ट करायचा आणि सकाळी वस्तीवरच्या शाळेतल्या पोरींना बेसबॉल शिकवायचा. स्वतः जन्मात कधी खेळला नव्हता. सगळं ज्ञान मोबाइलवरचं, तेही रिचार्ज असेल तेवढंच! पण एका डावावर त्याचा लई जीव. समोरच्यांची रनर, म्हणजे धाव काढायला पळणारी पोरगी, बेस सोडून (पाय टेकलेला असला की बाद नाय, असा थांबा) पुढं सरकायला लागली, की चेंडू टाकणाऱ्या पिचरनं गर्रकन वळून बेसवरच्या आपल्या पोरीकडं चेंडू फेकायचा. तिनं झेलायचा, रनरला टेकवायचा, खेळ खलास! ह्याला 'पिक-ऑफ' म्हणतात. हा शब्द बद्रीनाथ असा उच्चारायचा, जसा हलवाई 'साजूक तूप' म्हणतो.

त्याची पिचर म्हाळसा. धनगराची पोर. नेम असा की चिंचेच्या झाडावरचं नेमकं सांगाल ते बुटुक पाडेल. खोड एकच. बॅटवालीकडं बघायला लागली की रनरला साफ विसरायची, लग्नात पंगतीला बसलेला माणूस चपला विसरतो तशी.

आणि सगळं अडलं होतं ते हिच्यापाशीच. तिचा बाप मल्हारराव चार-आठ दिवसांत मेंढरं घेऊन, पोरीसकट, चाऱ्यामागं बाहेर निघणार होता. बद्रीनाथनं त्याच्यापुढं हात जोडले होते. "मामा, पोरीला मावशीकडं ठेवा ना. शाळाबी होईल, खेळबी होईल."

"शहरातली मॅच जिंकली तर ठेवतो मास्तर," मल्हारराव म्हणाला. "हरली तर येऊ द्या मेंढरांमागं. तिथं नेम तरी कामाला येतो."

तर मॅचच्या दिवशी शहरातल्या मैदानावर शेवटचा डाव चाललेला. आपण एका धावेनं पुढं. समोरच्या दोघी बाद. अजून एक बाद केली की झालं! पण पहिल्या बेसवर दोन वेण्यांची एक चपळ पोरगी उभी होती, आणि ती हळूच सरकायला लागली.

"म्हाळसे, रनर! रनर!"

म्हाळसाचं सगळं ध्यान बॅटवालीकडं! बद्रीनाथला वाटलं, हिला हिच्याच भाषेत सांगावं. तो ओरडला, "अगं, ती चुकार मेंढी समज! कळप सोडून चाललीय बघ!"

म्हाळसाचे डोळे लकाकले. ती वळली आणि चेंडू सोडला. पोरीच्या नाकाच्या वीतभर पुढून सूंऽऽ करत गेला! पोरगी दचकून माघारी पहिल्या बेसवर. चेंडू मात्र कुणाच्याच हातात नाय, गडगडत पार कुंपणाच्या बाभळीखाली! पोरीनं ते बघितलं आणि रमतगमत दुसऱ्या बेसवर जाऊन उभी राहिली.

मॅच बघायला कडेला बसलेल्या मल्हाररावानं टाळी वाजवली. "वळवली का नाय!"

बद्रीनाथचा हात आपसूक मिशीवर गेला. खेळ थांबवून तो धावत गेला. "अगं, तिथं चेंडू धरायला कोण होतं?"

"मेंढीला मारत नसत्यात सर. म्होरं खडा टाकायचा, मग ती वळती. वळली का नाय?"

वळली होती!

"बरं, मेंढी नको. लांडगा समज! लांडग्यावरची नजर हटवतीस का कधी?"

"कधीच नाय!" म्हाळसा म्हणाली.

आणि पुढच्याच क्षणाला चेंडू फाडकन त्या पोरीच्या मांडीवर! "आई गंऽऽ!" चेंडू एकीकडं उडाला आणि पोरगी लंगडत लंगडत तिसऱ्या बेसवर पोचली. तिथून पुढं फक्त होम, धाव पुरी व्हायचा थांबा. ती पोचली की बरोबरी!

समोरचे कोच तात्यासाहेब पोट सावरत मैदानात आले. "बेसबॉल आहे का शिकार?"

अंपायरनं दम दिला, "परत लागलं तर पिचर बाहेर!"

म्हाळसाच्या डोळ्यांत पाणी. "लांडग्याला दुसरं काय करत्यात सर? जाऊ द्या. मी मेंढरांमागंच बरी."

बद्रीनाथ तिच्यापुढं उकिडवा बसला. "रडू नको गं. चुकलं माझंच. आता ती पाव्हणी समज. पाव्हण्याला कुणी मारतं का? नाय ना? बस, एवढंच."

तो बाहेर आला. डोळे झाकून घेतले. उघडले, तर रनर होमकडं सरकत होती आणि म्हाळसा चेंडू हातात घेऊन, पिचरची जागा सोडून, सरळ तिच्याकडंच चालली होती!

"कुठं निघालीस गं एवढ्या गडबडीनं? असं कुठं असतंय व्हय? चहा तरी घे!"

आता चहाला पहिल्या हाकेला 'हो' म्हणणारं माणूस आपल्याकडं जन्मायचं आहे. दोन वेण्यांची पोरगी जागच्या जागी थांबली. "नको, खरंच नको, आत्ताच झाला."

"पळ गं!" तात्यासाहेब किंचाळले.

"असं कसं नको? घोटभर!" म्हणत म्हाळसानं तिचं मनगट धरलं. चेंडू त्याच हातात. चेंडू मनगटाला!

अंपायरनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग हात वर केला. "आउट!"

पोरींनी असा गलका केला, की बाभळीवरची पाखरं उडाली. तात्यासाहेब खालीच बसले. "अगं बाई, पळायचं सोडून नको-नको काय करत बसलीस!"

मल्हारराव मैदानात शिरला तो थेट त्या लंगडणाऱ्या पोरीकडं. "चल बाई, चहाला. आमच्या पोरीनं बोलावलंय म्हणल्यावर पाजायला नको?" जाता जाता मागं वळून म्हणाला, "मास्तर, पोरगी ठेवली!"



दुसऱ्या दिवशी सकाळी गडी मैदानावर आला, वरचा ओठ गुळगुळीत करून. बोलला तो बोलला! पोरी तोंडाला ओढण्या लावून हसत होत्या. त्यानं तिकडं दुर्लक्ष केलं, घसा साफ केला आणि बॅट उचलली.

"तर पोरींनो, बॅट म्हणजे काय समजायचं..."

म्हाळसानं दोन्ही हात जोडले. "सर, पाया पडते! बॅटला बॅटच राहू द्या!"