शिंपल्यांची बादली

घड्याळजींना कालवं सोसत नसत. एक जरी तोंडात गेलं तरी ओठ सुजायचे. तरीही दर मंगळवारी त्यांच्या दाराशी कालवांच्या शिंपल्यांनी भरलेली बादली असे, कारण मंगळवारी शिंपलेवाल्या बाई येत.

खाडीतली कालवं खरवडून खरवडून संपत आली होती. म्हणून बाई घरोघरच्या रिकाम्या शिंपल्या गोळा करत, उन्हात वाळवत आणि खाडीत परत सोडत. त्यांना चिकटून नवी कालवं वाढत. पहिल्याच भेटीत हे सगळं दारात उभ्याने सांगून त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे निघतात का शिंपल्या?"

"निघतात की," घड्याळजी म्हणाले. बायको गेल्यापासून इतका वेळ त्यांच्याशी कोणी बोललं नव्हतं.

थाप मारली, आता निस्तरणं आलं. वळणावरच्या हॉटेलातून ते गुपचूप पिशवीभर शिंपल्या आणू लागले. वासाने मांजरं जमली. मांजरांना वैतागून शेजारी ओरडले, "मेजवान्या झोडा, पण निदान खिडकी लावा." ही बातमी फिरत फिरत विहीणबाईंच्या कानावर गेली आणि एका मंगळवारी त्या तळलेल्या कालवांचं ताट घेऊनच हजर झाल्या.

"एवढी आवडतात तर बोलायचं नाही का? खा, गरम आहेत तोवर."

विहीणबाईंना नाही म्हणायची घड्याळजींची छाती नव्हती. त्यांनी डोळे मिटून दोन गिळली. बेल वाजली तेव्हा ओठ टम्म फुगले होते. आज बाईंना चहाला थांबवायचंच, असं ठरवून सकाळपासून घोकलेलं वाक्य तोंडातच अडकलं.

बाईंनी ओठ पाहिले, ताट पाहिलं. "कालवं बाधतात तुम्हाला?"

घड्याळजींनी मान खाली घातली. आता ह्या कशाला पुन्हा येतील?

"हॉटेलातल्या शिंपल्या आहेत, माहितीये मला. ते माझ्याच वाटेवर आहे, आधी तिथल्या मीच न्यायचे. मालक म्हणाले, तुमच्या शिंपल्या घड्याळवाले घेऊन जातात."

"मग तिथंच ठेवायला सांगून..." घड्याळजी कसेबसे बोलले, "एवढे जिने कशाला चढता?"

"घरी लवकर जाऊन तरी बोलायचं कोणाशी?" बाई म्हणाल्या आणि पदराने घाम पुसत खुर्चीत टेकल्या. "सूज उतरेपर्यंत बसते मी."

विहीणबाईंनी लगबगीने पर्समधली सुजेवरची गोळी काढून दिली. घड्याळजींनी ती मुकाट्याने तोंडात घेतली, आणि दोघींची पाठ वळताच हळूच काढून खिशात टाकली.