नेटका बिघाड

घड्याळजी बहिणीसमोर बोलून बसले आणि तिथंच सगळं फसलं. "कॉलेजच्या फीसाठी माझ्या खिशातून पैसा निघायचा नाही. स्वतः कमवावं, स्वतः भरावं, म्हणजे शिक्षणाची किंमत कळते," असं ते ठसक्यात म्हणाले. बहिणीनं मान डोलावली. आता लेक रडेल, निदान फुगून बसेल, मग दोन दिवसांनी आपण विरघळू, असा त्यांचा अंदाज होता. लेक नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानाच्या कोपऱ्यात तिनं स्वतःचं टेबल मांडलं, वर पाटी लावली: पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्त करून मिळतील.

बाप बोलून अडकला, लेक ऐकून सुटली.

टेबल मांडलं खरं, पण गिऱ्हाईक येईना. ती हनुवटीला हात लावून रस्त्याकडे बघत बसायची आणि तिच्याकडे बघता बघता घड्याळजी एकच काटा दोन-दोनदा बसवायचे. फी भरायला एकच महिना होता. चौथ्या दिवशी दुपारी ती सामान आणायला गेली, तसे ते घरी आले, मिक्सर उघडला, आतली एक तार अलगद सैल केली आणि होता तसा बंद करून ठेवला. मग इस्त्री. मग पंखा. दुरुस्तीचे पैसे म्हणजे घरखर्च, फी थोडीच, असं त्यांनी स्वतःला पटवलं.

"अहो, घरातल्या सगळ्या वस्तूंनी एकदम संप केलाय की काय?" बायकोनं घाम पुसत विचारलं.

"वय झालं त्यांचं," घड्याळजी म्हणाले. मिक्सर गेल्या वर्षीच घेतला होता.

घरातल्या वस्तू संपल्या तसे ते शेजाऱ्यांकडे वळले. जरा तेल घालून देतो म्हणत वस्तू उघडायची, गप्पा मारता मारता तार सैल करायची, आणि ती बंद पडली की मालकाच्या कानात सांगायचं, लेकीकडे टाका, बिल माझं. शिवणवालीची इस्त्री गेली, पुस्तकवाल्याचा पंखा गेला. लेकीच्या डब्यात नोटा जमू लागल्या, ती गुणगुणत काम करू लागली. ते गुणगुणणं कानावर पडलं की घड्याळजींना आपले सगळे अपराध माफ झाल्यासारखे वाटत.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी न्हावी केस कापायचं यंत्र घेऊन धावत आला. त्याच्या मागून त्याचं गिऱ्हाईक, गळ्यात कापड तसंच, अर्धं डोकं साफ आणि अर्ध्यावर जंगल. लेकीनं यंत्र उघडायला घेतलं आणि हात थांबवला.

"बाबा, हे बिघडलेलं नाही. बिघडवलंय. आणि बिघडवणारा फार नेटका आहे." तिनं यंत्र उजेडात धरलं. प्रत्येक स्क्रूची खाच बारावरच्या काट्यासारखी सरळ उभी होती. "मिक्सरचेही असेच होते. इस्त्रीचेही. कोण लावतं हो इतक्या प्रेमानं?"

"कोण आहे तो?" अर्ध्या डोक्याच्या माणसानं विचारलं. त्याच्या आवाजात कळकळ होती.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि रिकाम्या डबीत एकाग्र होऊन बघू लागले.

यंत्र चालू झालं, डोकं पूर्ण करायला मंडळी परतली. लेकीनं डब्यातल्या बऱ्याचशा नोटा मोजून बापासमोर ठेवल्या. "खोट्या बिघाडाची मजुरी मी घेत नाही. काम असेल तर समोरून द्या, बाबा."

फीची खिडकी पाचला बंद होणार होती. घड्याळजींनी नोटांकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं. एकीकडे दिलेला शब्द, एकीकडे पोटची पोर. मग मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी तिच्या टेबलावर ठेवलं.

"हे दुरुस्त करायचंय."

तिनं ते कानाला लावलं. "चालू आहे."

"माहीत आहे." मिक्सर बिघडवताना त्यांना काही वाटलं नव्हतं, पण घड्याळावर त्यांचा हात धजत नव्हता. "बंद करणं मला जमायचं नाही. तू बंद कर, मग दुरुस्त कर. दोन्ही कामांचे किती होतील?"

लेकीनं डब्यात डोकावून पाहिलं, ओठ हलवत बेरीज केली आणि आकडा सांगितला. फीला जेवढे कमी पडत होते तेवढाच, सुट्ट्या पैशांसकट.

"फार होतात."

"दुसरीकडे विचारून या."

घड्याळजी खळखळून हसले आणि त्यांनी पाकीट काढलं. बहिणीला दाखवायला पावती मात्र हवी, असं त्यांनी बजावलं. लेकीनं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: चालू घड्याळ बंद करणे व पुन्हा चालू करणे. गिऱ्हाईक घासाघीस करतं, पण भलं आहे.